तेलाखालचा गंज

अमेरिकेत ओहायोत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलंय: गावातल्या गहाणवटीच्या दुकानात स्मिथ अँड वेसनचं जुनं मॉडेल 10 रिव्हॉल्वर विकायला आहे, .38 स्पेशलचं. बाहेरून देखणं, किंमत चालू भावाच्या निम्मी. दुकानदार स्वतःहून सांगतो की नळीत थोडा गंज आहे, पण 'तेल मारून ठेवलंय, काही होत नाही.' घ्यावं का?

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात पडणं कठीण. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हातात असल्याशिवाय रिव्हॉल्वरला हात लावता येत नाही. शिवाय 1980 च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी बंद झाली, तेव्हापासून ब्रिटिश काळातली वेब्ली रिव्हॉल्वरं लाखांच्या भावाने हात बदलतात, गंजलेल्या असल्या तरी. अमेरिकेत मात्र मॉडेल 10 ढिगाने मिळतं. 1899 पासून या घराण्याची साठ लाखांच्या आसपास रिव्हॉल्वरं बनली आणि पोलिसांनी रिव्हॉल्वर सोडून पिस्तुलं घेतल्यावर त्यातली असंख्य दुसऱ्या हाताच्या बाजारात आली. तेव्हा घाई करायचं कारण नाही. गंज नीट पाहून ठरवता येतं.

मला बंदुकांचं फारसं वेड नाही, गंजाचं आहे. म्हणून आधी गंजाची बाजू मांडतो. रिव्हॉल्वरवर जी निळसर-काळी झळाळी असते, ज्याला ब्लूइंग म्हणतात, तोही लोखंडाचा ऑक्साइडच, मॅग्नेटाइट. जुने इंग्लिश कारागीर ती चढवण्यासाठी नळ्या मुद्दाम दमट कपाटात गंजवत, मग उकळत्या पाण्यात बुडवत. लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होई, सुटा भाग ब्रशने झाडला जाई आणि पुन्हा गंजवायला कपाटात. अशा कित्येक फेऱ्यांनंतर तो रंग येतो. त्यामुळे पोलादावर नुसती लाल भुकटी दिसली म्हणून दचकू नका. ती बऱ्याचदा तेल आणि पितळी ब्रशने निघून जाते, खाली पोलाद शाबूत असतं. पोलादात भोकं पाडणारा गंज वेगळा.

ती भोकं कशी पडतात हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन रंगदर्शक घालायचे. लोखंड जिथे विरघळतं तिथे पोटॅशियम फेरीसायनाइड निळं होतं, जिथे अल्क तयार होतं तिथे फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी. काही मिनिटांत थेंबाचा मध्य निळा होतो, कडेला गुलाबी कडं उठतं आणि थोड्या वेळाने दोन्हींच्या मध्ये तपकिरी वर्तुळ दिसू लागतं. तो गंज. हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होतो आणि मुलं पहिल्यांदा चक्रावतात, कारण ऑक्सिजन भरपूर मिळतो थेंबाच्या कडेला आणि लोखंड खाल्लं जातं मध्यावर, जिथे ऑक्सिजनची टंचाई आहे. कडेवर ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन हवे असतात. ते पुरवायला मधलं लोखंड विरघळत राहतं.

आता थेंबाच्या जागी एक बारीकसा खड्डा घ्या. त्याच्या तळाशी हवा पोचत नाही, म्हणून तळच विरघळतो. विरघळलेल्या लोखंडापाठोपाठ क्लोराइड आत ओढलं जातं, पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल बनतं आणि आम्ल तळ आणखी खातं. किडलेल्या दाताचं असंच असतं. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, आत मात्र कीड स्वतःच्याच आम्लावर पोसत पसरलेली. दंतवैद्य ठिपका नुसता बघत नाही, टोकदार सळई घालून तळ किती मऊ लागतो ते तपासतो. वरून तकतकीत घासलेला दात त्याला फसवू शकत नाही. तेल मारलेली नळी गिऱ्हाइकाला फसवू शकते.

रिव्हॉल्वरच्या नळीत मीठ येतं कुठून? इथे एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. बंदुकांच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत कारखानदार आणि सेनापती पानोपानी भेटतात, हा माणूस फार तर तळटीपेत. विल्बर्ट हफ. हे अमेरिकेच्या 'ब्युरो ऑफ माइन्स'मधले रसायनतज्ज्ञ. खाणीतले स्फोट आणि वायू हा त्या खात्याचा विषय, त्यामुळे स्फोटकांचं रसायन तिथे घरचंच होतं.

काळ्या दारूच्या जमान्यात नळीच्या गंजाचं कोडं फारसं कुणाला पडलं नव्हतं. काळी दारू इतकी काजळी आणि राख सोडते की बंदूक पाण्याने धुण्याला पर्यायच नसतो. ठासणीची बंदूक वापरणारा कोणीही हे सांगेल. 1886 मध्ये फ्रान्सने बिनधुराची दारू आणली आणि पाठोपाठ सगळ्या सैन्यांनी ती उचलली. नळी काळी होईना. मग पाणी कशाला? तेलाचा फडका फिरवला की काम झालं. पण तेल लावून ठेवलेल्या रायफली दोन-चार दिवसांत आतून लाल होऊ लागल्या. पुसाव्यात, पुन्हा लाल. सैनिकांत आणि नेमबाजांत समज पसरला की नव्या दारूतलं आम्ल पोलादाच्या छिद्रांत मुरतं आणि मागाहून 'घामासारखं' बाहेर येतं. हे आम्ल मारणारी द्रावणं बाजारात आली आणि खपली. लोकांना पटेल असं चुकीचं कारण सापडलं की त्यावर बाटल्या विकणारे नेहमीच लवकर पोचतात. आजच्या 'नॅनो' गंजरोधक फवाऱ्यांच्या जाहिराती वाचताना मला ती द्रावणं आठवतात.

हफ यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा विषयच होता, गोळीबारानंतर रायफली तेलाखाली का गंजतात. त्यांनी दारूवरचा आरोप तपासला आणि दारू निर्दोष निघाली. दोष होता काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरचा. घोडा आपटला की आधी पेटतो तो प्रायमर, आणि त्या काळी त्यात पोटॅशियम क्लोरेट असे. आगपेटीच्या काडीच्या गुलातही हेच असतं. पेटताना ते आपला सगळा ऑक्सिजन देऊन टाकतं आणि मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. रक्तदाबवाल्यांसाठी मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात ते मिसळलेलं असतं. एका गोळीमागे काही मिलिग्रॅम क्षार, तोही नळीभर पसरलेला, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. हवा कोरडी असेल तर तो निपचित पडून राहतो. हवा दमट झाली की पाणी ओढतो आणि नळीत इव्हान्सचे थेंब तयार होतात. मुळात क्षार तेलात विरघळत नाही. म्हणजे तेलाचा फडका त्याला काढत नव्हता, नुसता झाकत होता. क्षार काढायला लागतं साधं पाणी. काळ्या दारूवाल्या आजोबांची जुनी सवय बरोबर होती, फक्त तिच्यामागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. ब्रिटिश सैनिक नळीत उकळतं पाणी ओतायला लांब तोटीचं नरसाळं बाळगत, तेही शहाणपणाचंच.

1920 चं दशक संपता संपता अमेरिकेत आणि जर्मनीत क्लोरेट नसलेले प्रायमर बाजारात आले आणि हळूहळू नागरी वापरातलं जवळजवळ सगळं दारूगोळ्याचं उत्पादन तिकडे वळलं. अमेरिकी सैन्य मात्र क्लोरेटला बराच काळ चिकटून राहिलं, साठवणुकीत टिकण्याची त्यांना खात्री होती म्हणून. आणि रशियन नागां रिव्हॉल्वरं, जी 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकली जात, त्यांच्यासोबत मिळणारी जुनी सोव्हिएत काडतुसं क्लोरेटचीच. तेव्हा नागां स्वस्तात मिळत असेल तर नळीत आधी खड्डेच शोधावेत.

मॉडेल 10 चं तसं नाही. ते बहुतेक करून साध्या, न गंजवणाऱ्या काडतुसांवर जगलेलं असतं. त्याच्या गंजाचे संशयित दुसरे: घाम, दमट तळघर आणि चामड्याचं म्यान. कमावलेल्या चामड्यात क्षार असतात आणि ते ओल धरून ठेवतं, त्यामुळे म्यानात वर्षानुवर्षं झोपवलेलं रिव्हॉल्वर म्यानाच्या आकारात गंजतं. धुळीचाही हात असतो. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या इंग्लिश संशोधकाने 1920 च्या दशकात लोखंडाचा तुकडा मलमलीच्या पिंजऱ्यात टांगून ठेवला आणि दुसरा शेजारीच उघडा. हवा तीच, ओल तीच. उघडा गंजला, पिंजऱ्यातला झळाळत राहिला, कारण मलमलीने धूळ अडवली होती. धुळीचे कण ओल आणि क्षार पोलादावर आणून बसवतात. इतका साधा प्रयोग आणि इतकं स्वच्छ उत्तर, मला तरी हेवा वाटतो.

आता दुकानात काय करायचं ते. रिव्हॉल्वर रिकामं आहे ना हे स्वतः सिलिंडर उघडून पाहा, दुकानदाराने पाहिलं असलं तरी. मग नळी कोरडी करून मागा. विरघळवणारं द्रावण लावलेला ब्रश फिरवायला सांगा, मागून कोरडे फडके, फडका स्वच्छ निघेपर्यंत. पहिला फडका तपकिरी येईल, हरकत नाही. मग सिलिंडर बाहेर काढून नळीच्या मागच्या तोंडाशी उजेड धरा, पुढून डोळा लावा आणि नळी सावकाश फिरवा. नळीत आतून कोरलेल्या पिळाच्या कडा धारदार दिसल्या आणि खाचांत थोडी दाणेदार, धुक्यासारखी पांढुरकी छटा असली तर तो वरवरचा गंज होऊन गेलाय. काळे, कोपऱ्याकोपऱ्यातून डोळे वटारणारे ठिपके दिसले तर ते खड्डे. आणि एखादं गडद कडं नळीभर गोल फिरलेलं दिसलं तर रिव्हॉल्वर तिथेच ठेवा. ते गंजाचं नसतं. कधीतरी एक गोळी नळीत अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली, त्याने नळी आतून फुगली, त्याची ती खूण.

नळीतले खड्डे धोकादायक आहेत का? बहुधा नाहीत. .38 स्पेशलचा दाब जास्तीत जास्त 17 हजार पीएसआय धरला जातो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक. पण तो शिखराला पोचतो गोळी जेमतेम सरकली असताना. नळीच्या टोकापर्यंत बराच ओसरलेला असतो. तिथे काही बारीक खड्डे असले तर शिशाच्या गोळ्यांचं शिसं त्यांत अडकेल, साफ करताना जास्त घासावं लागेल आणि पंचवीस पावलांवर निशाण्यात फरक कळेलच असं नाही. खड्डा अगदी तोंडाच्या कडेवर असेल तर मात्र गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी वाकडी जाते.

खरी भीती सिलिंडरची. दाबाचं शिखर सोसायचं काम त्याच्या सहा कप्प्यांचं, आणि त्यांच्या भिंती तशाही पातळ. त्यात सिलिंडर जागेवर अडवण्यासाठी बाहेरून ज्या खाचा कापलेल्या असतात, त्यांच्याखाली भिंत सर्वांत पातळ. कप्प्यांत खड्डे दिसले तर किंमत निम्मी असो की पाव, परत द्या. झाडलेलं कवच फुगून खड्ड्यात रुतेल, बाहेर निघायला त्रास देईल, ही त्यातली सौम्य शक्यता. सिलिंडर आणि नळीमधली फट, सिलिंडरची हालचाल हेही बघायचं असतं, पण ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला तासाभराचे पैसे देऊन करून घ्यावं. मुठीच्या लाकडी फळ्या मात्र त्याला तुमच्या समोर काढायला सांगा. घाम तिथेच जिरतो आणि मालकाने किती निगा राखली याचा पुरावाही तिथेच असतो.

वाचकाला माझं उत्तर: कप्पे स्वच्छ असतील, नळीत कडं नसेल, तोंडाची कड शाबूत असेल आणि आत नुसती दाणेदार छटा असेल, तर निम्म्या किमतीत घ्या. खोल खड्डे असतील तर घेऊ नका. नवी नळी बसवता येते, पण नळी, मजुरी आणि तपासणी धरून वाचवलेली निम्मी किंमत तिथेच जाते. दुकानदार तेल पुसायला तयार नसेल तरी घेऊ नका. आणि घेतलंत, तर आधीच्या मालकाने कोणती काडतुसं वापरली ते माहीत नसताना पहिल्या दिवशी नळी आणि कप्पे गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल लावा.