सीमेपलीकडील अपत्य : नाते, नोंद आणि कायदा

शिक्षण, नोकरी आणि विवाह या निमित्तांनी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे नातेसंबंध आज परदेशांशी जोडले गेले आहेत. त्यात पुनर्विवाहांचाही समावेश आहे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीचा परदेशस्थ गृहस्थाशी विवाह होतो आणि तिचे पहिल्या विवाहातील मूल आजीआजोबांकडे गावी राहते. काही वेळा पतीचे विवाहापूर्वीच्या संबंधातून झालेले अपत्य दुसऱ्या देशात असल्याचे विवाहानंतर पत्नीस समजते. ते अपत्य खरोखर त्याचेच आहे किंवा कसे, याविषयी संबंधितांच्या मनातही पुष्कळदा निश्चिती नसते. अशा मुलास आपल्या घरी आणावयाचे, असे पतिपत्नींनी मनाने ठरविले तरी त्यानंतरचा मार्ग कायद्यातून व कागदपत्रांतून जातो. त्या मार्गावर वयाचे दोनतीन टप्पे असे आहेत की, ते एकदा ओलांडले गेले म्हणजे मागे फिरता येत नाही.

या विषयाशी आपल्या ग्रामपंचायतीचा व शाळेचा संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येईल. परंतु परदेशातील अधिकारी मुलाचे नाते ज्या पुराव्यावरून ठरवितो, त्यातील जन्माचा दाखला आणि शाळेची नोंदवही हे दोन प्रमुख पुरावे आपल्याच गावात तयार होत असतात. यासाठी हा विषय थोड्या विस्ताराने समजून घेणे उपयुक्त ठरेल. येथे मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याचा विचार केला आहे.

सावत्र अपत्याची व्याख्या

अमेरिकेत या बाबी १९५२ च्या ‘इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट’ या कायद्याने नियंत्रित होतात. या कायद्यानुसार ‘अपत्य’ म्हणजे २१ वर्षांखालील अविवाहित व्यक्ती होय. सावत्र अपत्यासाठी आणखी एक अट आहे. ज्या विवाहामुळे सावत्र नाते निर्माण झाले, तो विवाह मुलाच्या वयास १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे.

या अटीचा परिणाम किती दूरगामी असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मातेचा अमेरिकी नागरिकाशी विवाह झाला, त्या दिवशी तिच्या मुलीचे वय १७ वर्षे ११ महिने होते. अशा वेळी नवा पती त्या मुलीसाठी सावत्र पिता या नात्याने अर्ज करू शकतो. हाच विवाह दोन महिने उशिरा झाला असता तर कायद्याच्या दृष्टीने ती त्याची सावत्र कन्या ठरली नसती. मग मातेने प्रथम स्वतः कायम निवासाचा परवाना मिळवावयाचा, नंतर मुलीसाठी अर्ज करावयाचा आणि वार्षिक संख्यामर्यादा असलेल्या वर्गात वाट पाहावयाची, एवढाच मार्ग शिल्लक राहतो.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, अमेरिकी नागरिकाने पत्नीसाठी केलेल्या अर्जात तिच्या मुलांचा आपोआप समावेश होत नाही. पती, पत्नी, अपत्ये व मातापिता हे नागरिकाचे ‘निकटचे नातलग’ समजले जातात व त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा नाही. मात्र या सवलतीबरोबर प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र अर्ज करण्याची जबाबदारीही येते. याउलट, अर्जदार केवळ कायम निवासी असेल तर पत्नीच्या अर्जावरच तिच्या मुलांचा विचार होऊ शकतो. हा भेद लक्षात न आल्याने पत्नीचा व्हिसा तयार आणि मूल मात्र मागे, असा प्रसंग ओढवू शकतो.

अर्ज प्रलंबित असताना मुलाने २१ वर्षे ओलांडली तर काय, या प्रश्नाचे उत्तर २००२ च्या ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट’ या कायद्याने दिले. नागरिकाने अर्ज दाखल केला त्या दिवशी असलेले मुलाचे वय ग्राह्य धरले जाते. मात्र मूल अविवाहित राहिले पाहिजे. याशिवाय अर्जदारास पोषणाचे हमीपत्र द्यावे लागते आणि त्यासाठी त्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे तेथील दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के असावे लागते.

पित्याचे विवाहबाह्य अपत्य

विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाकडे कायद्याने दीर्घकाळ वेगळ्या दृष्टीने पाहिले. अशा मुलाचे मातेशी असलेले नाते मान्य होते. पित्याशी असलेले नाते मात्र औरसीकरण झाल्याशिवाय मान्य नव्हते. सावत्र अपत्याच्या व्याख्येत विवाहबाह्य जन्माच्या मुलांचा स्पष्ट समावेश १९५७ साली झाला. पित्याविषयीचा भेदभाव १९७७ साली ‘फियालो विरुद्ध बेल’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, परदेशी व्यक्तींच्या प्रवेशाचे धोरण ठरविणे हे विधिमंडळाचे क्षेत्र असल्याचे सांगून न्यायालयाने तो कायम ठेवला. अखेर १९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पित्याचे आपल्या मुलाशी पिता या नात्याचे खरेखुरे संबंध असतील किंवा होते, तर ते नाते ग्राह्य धरले जाऊ लागले.

‘खरेखुरे संबंध’ सिद्ध करण्याचे मार्ग अगदी साधे आहेत. मुलाच्या पोषणासाठी पाठविलेल्या पैशांच्या पावत्या, पत्रव्यवहार, भेटींची छायाचित्रे, शाळेचे शुल्क भरल्याचे पुरावे, जन्मनोंदीतील पित्याचे नाव यांचा त्यात अंतर्भाव होतो. अनेक वर्षे मुलाची चौकशीही न केलेल्या पित्यास हे पुरावे ऐनवेळी निर्माण करता येत नाहीत. म्हणून दूरदेशी आपले अपत्य असल्याचे ज्ञात होताच त्याच्याशी संपर्क ठेवणे व त्याच्या पोषणाची जबाबदारी स्वीकारणे हे नैतिक कर्तव्य तर आहेच, शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही ते हिताचे असते.

शंका आणि शास्त्र

अपत्य जोडीदाराचेच आहे किंवा नाही, याविषयी शंका असेल तेथे शास्त्र साहाय्यास येते. या संदर्भात इतिहासातील एक घटना उल्लेखनीय आहे. डीएनएच्या ठशांवरून व्यक्तीची ओळख पटविण्याचे तंत्र इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये शोधून काढले. या तंत्राचा प्रत्यक्ष व्यवहारातील पहिला वापर गुन्ह्याच्या तपासासाठी झाला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तो १९८५ साली एका मुलाच्या स्थलांतराच्या प्रकरणात झाला. घानाहून ब्रिटनमध्ये परतलेला एक मुलगा तेथे राहणाऱ्या मातेचा खरा पुत्र आहे की तिचा भाचा, असा संशय अधिकाऱ्यांनी घेतला होता. पित्याचा नमुना उपलब्ध नव्हता. जेफ्रीज यांनी माता, तिची निर्विवाद अशी तीन मुले आणि तो मुलगा यांच्या रक्ताची तुलना केली. भावंडांच्या ठशांवरून पित्याच्या ठशांची कल्पना करता आली आणि मुलगा त्याच मातेचा असल्याचे सिद्ध झाले. ब्रिटिश गृहखात्याने आपला आक्षेप मागे घेतला.

आज अमेरिकेच्या प्रकरणांत लेखी पुरावे अपुरे पडल्यास वाणिज्य अधिकारी अशी चाचणी सुचवू शकतात. ती ऐच्छिक असते व तिचा खर्च कुटुंबाने करावयाचा असतो. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हावी लागते. परदेशातील मुलाचा नमुना दूतावासाच्या देखरेखीखाली घेतला जातो आणि निष्कर्ष प्रयोगशाळेकडून थेट अधिकाऱ्यांकडे जातो. नात्याची निश्चिती ९९.५ टक्के किंवा त्याहून अधिक असावी लागते. खाजगीरीत्या करून घेतलेल्या चाचणीचा कागद तेथे उपयोगी पडत नाही.

चाचणीचा निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने एका प्रश्नाचा शांतपणे विचार करावा. निष्कर्ष प्रतिकूल आला तर जोडीदाराचे अपत्य या नात्याचा मार्ग प्रायः बंद होतो व मुलाच्या मनावरही त्याचा आघात होतो. मूल जाणत्या वयाचे असेल तर चाचणी कशासाठी आहे, हे त्यास समजेल अशा शब्दांत आधी सांगितलेले बरे.

अशी साधने उपलब्ध नसतानाही शासनांना निर्णय घ्यावे लागले आहेत. आशियातील युद्धांच्या काळात अमेरिकी सैनिकांपासून झालेल्या मुलांसाठी १९८२ साली अमेरिकेत विशेष कायदा करण्यात आला. त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंपुचिया व थायलंड हे देश होते. १९८७ साली केवळ व्हिएतनाममधील मुलांसाठी दुसरा कायदा झाला. पित्याचे नावही ठाऊक नसलेल्या या मुलांच्या बाबतीत चेहऱ्याची ठेवण हाच पुष्कळदा पुरावा मानला गेला. या कायद्याखाली वीस हजारांहून अधिक मुले व त्यांचे नातलग अमेरिकेत गेले. त्यांपैकी बहुतेकांना आपला पिता मात्र भेटला नाही.

दत्तक विधानाचा मार्ग

सावत्र नाते कायद्याने मान्य होत असेल तर मुलास नेण्यासाठी दत्तक घेण्याची आवश्यकता नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ते नाते लागू नसेल तेव्हा दत्तकाचा विचार होतो. परंतु हा मार्ग अधिक कठीण आहे. सामान्य नियमानुसार दत्तक विधान मुलाच्या १६ व्या वर्षापूर्वी झालेले असावे लागते आणि मूल किमान दोन वर्षे दत्तक पालकाच्या कायदेशीर ताब्यात व सहवासात राहिलेले असावे लागते.

आंतरदेशीय दत्तकासंबंधी २९ मे १९९३ रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यास २००३ साली मान्यता दिली, तर अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून अमलात आला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात १९८४ साली यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजेच ‘कारा’ ही संस्था या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. अमेरिकेत स्थायिक असलेल्या नागरिकाने या कराराची पद्धती टाळून गावी घाईने दत्तक विधान उरकले, तर त्या दत्तकपत्राचा उपयोग होण्याऐवजी पुढील प्रक्रियेत अडथळा निर्माण होण्याचा संभव असतो. यास्तव ‘आधी दत्तक, मग चौकशी’ हा क्रम टाळावा.

दत्तकाचे महत्त्व नागरिकत्वाच्या संदर्भात मात्र पुन्हा येते. २७ फेब्रुवारी २००१ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, कायम निवासी म्हणून आलेले १८ वर्षांखालील मूल आपल्या नागरिक पालकाच्या ताब्यात राहत असेल तर त्यास आपोआप नागरिकत्व मिळते. यात सावत्र पालकाचे नागरिकत्व धरले जात नाही. जन्मदाता पालक स्वतः नागरिक झाला, किंवा सावत्र पालकाने कायद्यातील अटींप्रमाणे दत्तक घेतले, तरच हा लाभ मिळतो.

सत्य सांगण्याचे महत्त्व

जोडीदाराने पूर्वीच्या एखाद्या अर्जात या अपत्याचा उल्लेख केला नसेल तर त्याची झळ मुलासच पोहोचते. कॅनडाच्या नियमांत ही बाब विशेष कठोर आहे. कायम निवासासाठी येताना ज्या कुटुंबीयाची माहिती दिली नाही व ज्याची तपासणी झाली नाही, त्यास पुढे कुटुंबवर्गातून आणण्यास तेथील नियमाने बंदी केली. अपत्य असल्याचे पित्यास ठाऊकच नव्हते, ही सबबही नियमाने मान्य केली नव्हती. या कठोरतेमुळे झालेली हानी पाहून २०१९ साली काही वर्गांसाठी प्रायोगिक सवलत देण्यात आली. लज्जेपोटी किंवा सोयीसाठी मुलाचे अस्तित्व लपविणे किती महाग पडते, हे यावरून दिसून येईल.

आपल्या नोंदवह्या

आता गावपातळीवरील कामाकडे वळू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद २१ दिवसांत होणे अपेक्षित आहे. विलंबाने केलेल्या नोंदीकडे परदेशी अधिकारी संशयाने पाहतात आणि शाळेची नोंदवही, लसीकरणाची नोंद, नातलगांची प्रतिज्ञापत्रे असे पूरक पुरावे मागतात. जन्माची नोंदच नसेल तर तसा ‘अनुपलब्धता दाखला’ द्यावा लागतो. तो देण्यापूर्वी नोंदवह्यांचा कसून शोध घेतला जाणे आवश्यक आहे.

पुनर्विवाहानंतर मुलाच्या दाखल्यावर जन्मदात्या पित्याऐवजी नव्या पतीचे नाव घालावे, अशी विनंती काही वेळा सद्हेतूने केली जाते. मूल लवकर जाईल, असे कुटुंबास वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. सावत्र नात्याच्या अर्जात मूल आपले औरस नाही, हे सावत्र पित्यास स्वतःच सांगावयाचे असते आणि बदललेल्या दाखल्यामुळे संपूर्ण प्रकरणच संशयास्पद ठरते. वैध दत्तक-आदेश असल्याशिवाय जन्मनोंदीत पित्याचे नाव असे बदलू नये. शाळेच्या नोंदवहीसही हाच विवेक लागू आहे.

अविवाहित मातेच्या बाबतीत नोंदणी अधिकाऱ्यांनी विशेष जाणतेपणा दाखविला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार अशा मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती न करता मुलाच्या जन्माचा दाखला द्यावयाचा आहे. तिला परत पाठविले तर तिचे मूल पुढे कोणत्याही देशाच्या दारात कागदाविना उभे राहील.

मूल दुसऱ्या पालकाच्या ताब्यात असल्यास पारपत्रासाठी त्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागू शकतो. ही संमती मिळण्यास वेळ लागतो, म्हणून तिची सुरुवात आधीच करावी.

थोडक्यात, अशा कुटुंबाने प्रथम मुलाचे वय व विवाहाची तारीख तपासावी; नंतर जन्मनोंद, ताबा व पूर्वविवाह संपल्याची कागदपत्रे जमवावी; शंका असल्यास विहित पद्धतीने चाचणी करून घ्यावी; आणि प्रत्येक मुलासाठी वेळेत स्वतंत्र अर्ज करावा. सरपंच, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांनी त्यांना एवढेच साहाय्य करावे की, आपल्या दप्तरातील नोंद खरी, वेळेवर केलेली आणि मागताच मिळणारी असावी. आजोळी वाट पाहणाऱ्या एखाद्या मुलासाठी ती एक ओळच त्याच्या मातेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग असते.