सनसनाटी म्हणजे काय?

‘सेन्सेशनालिझम’ हा इंग्रजी शब्द आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तोंडीं वारंवार येतो. परंतु त्याचा अर्थ विचारला असतां ‘भयंकर बातमी’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर अपुरें आहे. म्हणून ह्या शब्दाचा अर्थ व उपयोग ह्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या मूळ लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ इंद्रियांस होणारी जाणीव असा आहे. त्यावरून तत्त्वज्ञानांत, सर्व ज्ञान इंद्रियद्वारांच प्राप्त होतें, ह्या मतास हें नांव मिळालें. १८ व्या शतकांतील फ्रेंच तत्त्ववेत्ता काँदिलाक हा त्या मताचा प्रसिद्ध पुरस्कर्ता होय. पुढें १९ व्या शतकांत कादंबऱ्या व वर्तमानपत्रें ह्यांस अनुलक्षून दुसरा अर्थ रूढ झाला. वाचकाची बुद्धि जागी होण्यापूर्वींच त्याची भावना चेतविणारी लेखनपद्धति, असा तो अर्थ आहे. मराठींत आपण तीस ‘सनसनाटी’ किंवा ‘खळबळजनक’ म्हणतों.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, ही बातमी भयंकर खरी. पण ती जशी घडली तशी सांगितली, तर ती सनसनाटी नव्हे. सनसनाटी घटनेंत नसते, ती सांगण्याच्या रीतींत असते.

एक उदाहरण घेऊं. क्यूबा बेट स्पेनच्या ताब्यांत असतां, तेथील हवाना बंदरांत ता. १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं रात्रीं ‘मेन’ नांवाच्या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोट होऊन सुमारें २६० जण प्राणांस मुकले. पुढील वृत्तांत येईपर्यंत लोकांनीं आपलें मत राखून ठेवावें, असें नौकेच्या कप्तानानें त्याच रात्रीं तारेनें कळविलें. परंतु न्यूयॉर्क येथें हर्स्टचें ‘जर्नल’ व पुलित्झरचें ‘वर्ल्ड’ ह्या पत्रांत खपासाठीं चुरस लागलेली होती. दोनच दिवसांनीं ‘जर्नल’नें हें शत्रूचें कृत्य होय असें ठळक अक्षरांत छापिलें आणि अपराध्याचा शोध लावणारास ५०,००० डॉलरांचें बक्षीस लाविलें. एप्रिलमध्यें अमेरिका व स्पेन ह्यांचें युद्ध जुंपलें. त्यास केवळ वर्तमानपत्रेंच कारण झालीं असें नव्हे. पण लोकांचीं मनें तापविण्यास त्यांचा हात लागला, हें खरें. पुढें १९७६ सालीं ॲडमिरल रिकोव्हर ह्यांनीं केलेल्या चौकशींत, कोळशाच्या कोठारांतील आगीनें शेजारचा दारूगोळा पेटला असावा, हेंच अधिक संभवनीय ठरलें!

हा दोष केवळ परक्यांचा नव्हे. ता. १ जुलै २०१८ रोजीं आपल्याच धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा गांवीं, मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवांवरून, भिक्षेकरितां आलेल्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारिलें. ह्या अफवा मोबाइलवरून पसरलेल्या होत्या. तो मजकूर पुढें धाडतांना आपण कोणाच्या मृत्यूस हातभार लावीत आहों, असें कितीकांच्या मनांत आलें असेल?

तथापि ह्या शब्दाचा दुरुपयोगहि होतो. आपणांस न रुचणारी खरी बातमी ‘सनसनाटी’ म्हणून झिडकारणें, हाहि सत्याचा अपमानच होय. पुरावा पाहिल्यावांचून हा शब्द कोणत्याहि लेखास लावूं नये.

म्हणून मन खवळविणारें कांहीं वाचनांत आलें, तर तीन प्रश्न विचारावे: हें कोणीं पाहिलें? त्यास पुरावा काय? आणि ह्यांतील कोणती गोष्ट अद्याप ठरावयाची आहे? उत्तर न मिळाल्यास तोंड व बोट हीं दोन्ही आवरावीं. पालकांसहि आमची हीच विनंति आहे; कारण घरांतील वडील माणसें ऐकीव गोष्ट कशी सांगतात, हें पाहूनच मुलें बोलावयास शिकतात.