सहलीत गप्प बसलेलं पोर

हिवाळा लागला की आपल्या वस्त्यांमधून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या सहली निघतात. कार्यक्रम सगळा मोठ्यांचा. पहाटे वंदना, मग देसना, मग पुन्हा बस. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी त्यात फारसं काही नसतं. पोर खिडकीला डोकं टेकून बसतं आणि आपण म्हणतो, तोंड फुगवलं.

कंटाळा असेल तर काम द्या. बसमधली हजेरी, पाण्याचे कॅन त्याच्याकडे सोपवा. सारनाथच्या संग्रहालयात अशोकस्तंभाचे सिंह दाखवा (शुक्रवारी ते बंद असतं). नोटेवरचे सिंह समोर दिसले की पोरं आपणहून बोलतात.

पण ताई-दादांनो, चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, आपल्या समाजातही आहे. एसएस असलेल्या मुलाला पाणी कमी पडलं, थंडी बाधली, दमणूक झाली की हाडं-सांधे ठणकू लागतात. चारचौघांत ते सांगत नाही. मुली तर वाटेत संडास मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत! म्हणून रागावण्याआधी बाजूला घेऊन विचारा, "कुठं दुखते का?"

सिकलसेल कार्ड, फॉलिक अ‍ॅसिड, डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सीयुरिया, थर्मामीटर आणि स्वेटर हाताशी ठेवा, टपावरच्या बॅगेत नको. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर पुढचं ठिकाण राहू द्या, जवळचा सरकारी दवाखाना गाठा. आणि दर दोन-तीन तासांनी संडास असेल तिथं गाडी थांबेल, हे ड्रायव्हरशी निघण्याआधीच ठरवा.