दोन औषधं थकल्यावर

कराड-विटा रस्त्यावरचं कडेगाव मोहरमातल्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. हिंदू-मुसलमान मिळून हा सण साजरा करतात आणि ताबुतांच्या भेटीला तुफान गर्दी लोटते. अशा गर्दीत, शाळेच्या प्रार्थनेला किंवा उसाला पाणी पाजताना कुणाला फिट आली की पुढचं ठरलेलं असतं. कुणी कांदा फोडून नाकाला लावतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपणच थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. खरं तर माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ बघावं. झटका पाच मिनिटांपुढे गेला तर दवाखाना गाठावा.

फेफरं, आकडी, मिरगी, अपस्मार अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा हा आजार जगात सुमारे 5 कोटी लोकांना आहे. नियमित गोळ्यांनी दहातल्या साधारण सात जणांचे झटके थांबू शकतात. हा लेख उरलेल्या तिघांसाठी आहे. गोळ्या वाढत जातात, डॉक्टर बदलतात, देवऋषी होतो, अंगारे-धुपारे होतात, तरी फिट थांबत नाही, अशी घरं आपल्या तालुक्यातही आहेत. त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे: थांबू नका, पण नुसत्या गोळ्याही बदलत राहू नका.

तिसऱ्या गोळीचा हिशेब

ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधी कधीच औषध न घेतलेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी 14 टक्क्यांना गुण आला. म्हणजे पहिलं पाऊल मोठं, पुढची फार लहान. याच अनुभवावर 2010 मध्ये जागतिक अपस्मार संघटनेने व्याख्या पक्की केली. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली आणि सोसलेली दोन औषधं देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो आजार औषधांना दाद न देणारा समजावा.

या व्याख्येतला ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतीची वीज रात्री येते म्हणून रात्रभर जागून पाणी धरायचं, सकाळी झोपायचं आणि गोळी राहून जायची, हे आपल्याकडे नेहमीचं. झोपमोड आणि चुकलेली गोळी, दोन्ही झटक्याला आमंत्रण देतात. दारूचंही तेच. कधी औषधच प्रकाराला साजेसं नसतं. पौगंडावस्थेत सुरू होणाऱ्या, सकाळी उठल्यावर हात झटकणाऱ्या अपस्मारात कार्बामाझेपिन दिलं तर त्रास वाढू शकतो. कधी ती फिट नसतेच, साधी भोवळ असते किंवा मनावरच्या ताणातून आलेला झटका असतो. म्हणून घरच्यांनी मोबाइलवर केलेलं चित्रण मोलाचं. डोळे उघडे होते की मिटलेले, मान आधी कुठे वळली, कोणता हात आधी आखडला, हे त्यात दिसतं. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते आणि घाबरलेल्या आईला हे तपशील आठवत नाहीत.

चित्रात काय शोधतात

हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये जर्मनीत माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या. तोच आजचा ईईजी. लहरी कुठे बिघडतात याचा अंदाज तो देतो, पण तिथे नेमकं काय आहे हे एमआरआय दाखवतो. मात्र एमआरआय आणि एमआरआय यांत फरक असतो. डोकेदुखीसाठी काढतात तशा जाड कापांच्या चित्रांत मिलिमीटरभराचा दोष निसटतो. अपस्मारासाठी मिलिमीटरभर जाडीच्या सलग कापांची आणि कानशिलाच्या आतल्या हिप्पोकॅम्पसला काटकोनात छेदणाऱ्या चित्रांची खास पद्धत आहे. जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये तिची शिफारस केली. आजारी हिप्पोकॅम्पस दुसऱ्या बाजूच्या मानाने आक्रसलेला आणि काही चित्रांत जास्त उजळ दिसतो. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे मेंदूच्या सालीची जन्मजात बिघडलेली घडण. त्यात करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ एखाद्या ठिकाणी पुसट झालेली असते, तेवढंच. ती सरावलेल्या नजरेलाच दिसते. म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ असा कागद हातात आला, तरी जाणकाराने चित्रं पुन्हा पाहिली की कधी कधी कारण सापडतं. तरीही नाही सापडलं तर पेट स्कॅन करतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मेंदूचा आजारी भाग साखर कमी वापरतो आणि पेटच्या चित्रात तो फिका पडतो.

आपल्या देशात आणखी एक कारण पुष्कळ आढळतं, ते म्हणजे फीतकृमीच्या अळीची मेंदूत बसलेली गाठ. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि दूषित पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे माळकरी माणसालाही हा आजार होतो. जुनी, चुना साठलेली गाठ सीटी स्कॅनमध्ये ठळक दिसते.

दोष एकाच जागी असेल आणि ती जागा काढता येण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया हा खरा उपाय ठरू शकतो. कॅनडात 80 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शुद्ध हरपणारे झटके वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातल्या 58 टक्क्यांचे थांबले होते, तर नुसत्या औषधांवरच्या गटात 8 टक्क्यांचे. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये आला. तिथे हे आकडे 77 आणि 7 टक्के होते. शस्त्रक्रिया झालेल्या 33 टक्के मुलांना गंभीर दुष्परिणामही सोसावे लागले. त्यात एका बाजूची कमजोरी मुख्य होती. दोन्ही बाजू समजून घेऊनच निर्णय करायचा असतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून या शस्त्रक्रिया होत आहेत आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातही अपस्माराच्या शस्त्रक्रिया होतात.

रक्ताच्या थेंबातलं उत्तर

चित्र आणि जनुक हातात हात घालून कसे चालतात, याचं ठळक उदाहरण मुंबईचंच आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीम सिंघल यांनी 1990च्या दशकात अग्रवाल समाजातल्या काही मुलांचा अभ्यास मांडला. डोकं वयाच्या मानाने मोठं, पुढे चालताना तोल जाणं आणि फिट्स. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजल्यासारखा दिसे आणि कानशिलाकडे पाण्याच्या पिशव्या असत. जवळपास त्याच काळात नेदरलँड्समध्येही हा आजार वर्णिला गेला. 2001 मध्ये त्यामागचं एमएलसी1 हे जनुक सापडलं. अग्रवाल रुग्णांमध्ये त्या जनुकातला एकच समान बदल असल्याचं 2004 मध्ये सिद्ध झालं. या मुलांच्या फिट्स बहुधा गोळ्यांनी आवरतात. पण आधी चित्र ओळखलं गेलं, मग जनुक सापडलं आणि शेवटी एका समाजातला समान बदल कळला, हे इथे शिकण्यासारखं आहे.

एमएलसी1चा हा आजार मुलात उतरायला आई-वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. सांगली-साताऱ्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अजून मोडलेली नाही, त्यामुळे अशा आजारांची शक्यता आपल्याकडे डोक्यात ठेवावी लागते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. याउलट ड्राव्हे सिंड्रोम पाहा. तान्ह्या वयात तापासोबत लांबलचक झटके सुरू होतात. कारण बहुतेक वेळा एससीएन1ए या जनुकात असतं, आणि बहुतेक मुलांमध्ये तो बदल नव्याने झालेला असतो, आई-वडिलांकडून आलेला नसतो. ‘तुझ्या माहेरचं दुखणं’ असं म्हणत सुनेला टोचणाऱ्या घराला ही माहिती आवर्जून सांगावी.

जनुक कळल्याने औषधच बदलतं. ड्राव्हेमध्ये फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिल्यास झटके वाढू शकतात. मेंदूत साखर पोहोचवणारं ग्लुट1 प्रथिन अपुरं असेल, तर गोळ्यांपेक्षा भरपूर स्निग्ध पदार्थांचा कीटोजेनिक आहार उपयोगी पडतो. एएलडीएच7ए1 या जनुकात दोष असेल, तर बी6 जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यावर झटके थांबू शकतात. अशा मुलाला वर्षानुवर्षं पाच-पाच औषधं देणं हा अन्याय आहे. डीईपीडीसी5 जनुकातल्या दोषामुळे मेंदूच्या सालीची घडण बिघडू शकते, म्हणून चित्रात दिसलेल्या त्या पुसट रेघेचं मूळही कधी कधी रक्तात सापडतं. जनुकतपासणीतून दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. कधी बदल सापडतो पण त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून तपासणीच्या आधी आणि नंतर सल्ला देणारा जाणकार हवा.

कडेगावातून पुढे

सुरुवात घरातून होते. तारीख, वेळ, झोप आणि चुकलेली गोळी यांची वही ठेवा. झटक्याचं चित्रण करा. जुन्या चिठ्ठ्या आणि एमआरआयची मूळ चित्रं एका फाइलीत ठेवा, नुसता अहवाल पुरत नाही. गोळ्या मनाने बंद करू नका. मूल होण्याचा विचार असलेल्या मुलीला व्हाल्प्रोएट चालू असेल, तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला, कारण ते पोटातल्या बाळाला बाधू शकतं. फिट येणाऱ्याने एकट्याने विहिरीत उतरू नये, मोटारसायकल चालवू नये. कराड, सांगली आणि मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञ भेटतात. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

लग्न जमवताना आजार लपवू नका. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाला अडसर मानला जाई. 1999 च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकला. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या संवेदना या गटात रुग्ण आणि कुटुंबं एकमेकांना धीर देतात. तसा गट प्रत्येक तालुक्यात उभा राहायला हवा, आणि ते काम डॉक्टरांची वाट न पाहता शिक्षक, आशाताई आणि तरुण मंडळं करू शकतात.

आणि दुसरं औषधही थकलं, तर तिसऱ्या चिठ्ठीच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘डॉक्टर, अपस्मारासाठीचा खास एमआरआय झालाय का? जनुकतपासणीची गरज आहे का? आम्हाला मोठ्या केंद्रात पाठवाल का?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आजार किती वर्षं अंगावर काढायचा, हे त्यांच्या उत्तरांवर ठरतं.