कांदा चिरताना कूलर कुठे ठेवाल?

सावजी रश्श्यासाठी ढीगभर कांदा चिरायचा म्हणजे डोळ्यांना धारा ठरलेल्याच. अख्खा कांदा निमूट असतो. सुरी फिरली की पेशी फुटतात, वेगळ्या कप्प्यांतलं विकर आणि गंधकयुक्त संयुग एकत्र येतात. त्यातून झोंबरा वायू घडवायला मात्र आणखी एक विकर लागतं. ते जपानी संशोधकांनी 2002 मध्ये शोधलं. 2013 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. पारितोषिक गमतीचं, काम अस्सल!

डोळ्यांतलं पाणी टाळायला तोंडात पोळीचा तुकडा धरल्याने फक्त पोळी संपते. त्यापेक्षा सुरीला धार लावा. बोथट पातं पेशी चिरडून रस उडवतं. नागपुरी उन्हाळ्यात कूलर असतोच. त्याचा झोत पाटावर आडवा येऊ द्या, म्हणजे वायू चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच बाजूला जातो.