फासे खरे, तरी खेळाडू नाराज

सिड मायर हे ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या गाजलेल्या व्हिडिओ गेमचे एक जनक. खेळाडूंच्या मनाचा एक मजेशीर नमुना त्यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितला होता.

‘सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन’मध्ये लढाईआधी दोन्ही बाजूंचं बळ पडद्यावर दिसतं. समजा, तीनास एक. म्हणजे चारांत एखादी लढाई हरणं हिशेबाला धरूनच. पण तगडं सैन्य असून हरलेला चाचणी-खेळाडू भडकायचा, गेममध्येच खोट आहे म्हणायचा. तोच गडी एकास तीन असताना जिंकला, की तक्रार बंद! तेव्हा ते त्याचं युद्धकौशल्य. वीसास दहा म्हणजे दोनास एकच, हेही पटेना. दहाचा फरक दिसतोय, मग हरायचं कसं? शेवटी मायर यांच्या चमूनं गणितच थोडं वाकवलं. आधीच्या लढायांचा निकाल हिशेबात धरून लागोपाठ हरण्याची शक्यता कमी केली.

आजच्या टेट्रिसमध्येही नशीब मोकाट नसतं. सातही आकार पिशवीत घालून ढवळावेत तसे येतात. सगळे आल्याशिवाय नवी पिशवी उघडत नाही. त्यामुळे दोन लांब दांड्यांमध्ये जास्तीत जास्त बाराच इतर तुकडे येऊ शकतात.

ही फसवणूक का? निव्वळ करमणुकीत मी तरी तसं म्हणणार नाही. खरे पैसे लावायला सांगणाऱ्या गेममध्ये मात्र नशीब फारच मायाळू वाटू लागलं, तर आधी पाकीट सांभाळा.