नाडीची शहानिशा

मानेच्या मुळाशी, हंसळीच्या हाडामागे, दोन तिरकस स्नायूंमधल्या फटीतून आणि पहिल्या बरगडीच्या पाठीवरून हाताची मुख्य धमनी खाली उतरते. ती वाट मुळातच इतकी चिंचोळी असते की तेथे जन्मजात एखादी जादा बरगडी किंवा आडवा तंतुमय पट्टा असला, तर हात उचलताच रक्ताचा ओघ अडू शकतो. ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ या विकारात मज्जातंतू दबल्याच्या तक्रारीच बहुसंख्य. धमनी दबल्याचे रुग्ण विरळा. त्यांपैकी एकाची तपासणी एका रक्तवाहिनीतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात मला सविस्तर पाहावयास मिळाली.

रुग्ण छताला रंग देणारा तरुण कारागीर होता. हात वर राहिला की उजवा पंजा गार पडतो आणि ब्रश धरवत नाही, अशी त्याची कैफियत. ती त्याला पुरती सांगू देऊन डॉक्टरांनी दोन्ही दंडांचा रक्तदाब घेतला आणि बोटे नखांपर्यंत निरखली. कारण दबलेल्या जागेपुढे धमनी फुगते, त्या फुगवट्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिचे कण बोटांच्या सूक्ष्म वाहिन्यांत जाऊन अडकतात.

“मान उजवीकडे वळवा, हनुवटी वर करा, आता खोल श्वास घेऊन धरून ठेवा.” मेयो क्लिनिकच्या ॲडसन यांनी १९२७ साली वर्णिलेली ही चाचणी. मनगटावर टेकलेली डॉक्टरांची तीन बोटे जराही हलली नाहीत. त्यांच्याखाली नाडी क्षीण होत होत लुप्त झाली. पाहणाऱ्यास येथेच निवाडा झाला असे वाटावे. परंतु पुष्कळ निरोगी माणसांचीही नाडी या स्थितीत नाहीशी होते, आणि तेवढ्यावर विसंबून कोणाच्या छातीतील बरगडी काढणे हा माझ्या मते घोर अन्याय होय.

म्हणून पुढची शहानिशा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, कोपरे काटकोनात, आणि ३ मिनिटे मुठींची उघडझाप. काही वेळाने उजवा तळवा डाव्याहून स्पष्टपणे फिका पडला, आणि मुदत संपण्यापूर्वीच तो हात आपोआप खाली आला. “कामावर होतं ते हेच,” तो म्हणाला. डॉक्टरांनी हे वाक्य तत्काळ टिपून घेतले. माझ्या दृष्टीने साऱ्या तपासणीतील तो सर्वांत मोलाचा दाखला होता.

डॉप्लर यंत्रावर हात खाली असताना प्रवाहाचा ध्वनी खणखणीत व ठसकेदार येत होता. हात चढत गेला तसा तो बोथट झाला, मग थांबला, आणि हात उतरविताच सळसळत परतला. मानेच्या क्ष-किरण चित्रात जादा बरगडी आढळली. त्यानंतर डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी हात खाली आणि हात वर, अशा दोन्ही स्थितींत करण्यास फर्माविले. हात विसावलेला असताना काढलेल्या एकाच प्रतिमेत अडथळा मुळीच दिसत नाही, असे अनेकदा घडते. केसपेपरवरही त्यांनी नुसते ‘नाडी नाही’ असे लिहिले नाही. हाताचा कोन, मानेची दिशा आणि वेदना सुरू होण्यास लागलेला वेळ, हे सारे त्यांनी सुवाच्य अक्षरांत नोंदविले.